वर्षगाठ

दरवर्षी १८ नोव्हेंबरला जयपूरचा वाढदिवस साजरा होतो. गंगापोल या जुन्या दरवाजापाशी गणपतीची पूजा होते, हिंदी वर्तमानपत्रे खास पुरवण्या काढतात, शहरात दिवसभर कार्यक्रम चालतात. सवाई जयसिंहाने १७२७ साली याच दिवशी आमेरच्या डोंगराखाली नव्या राजधानीची पायाभरणी केली, हे तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते.

मात्र पंचांग उघडून बसले की हा दिवस जरा सरकतो. पायाभरणीची परंपरेने सांगितलेली तिथी आहे पौष कृष्ण प्रतिपदा, विक्रम संवत १७८४, वार शनिवार. आपल्या भिंतीवरचे आजचे कॅलेंडर तसेच मागे मोजत नेले, तर १८ नोव्हेंबर १७२७ ला मंगळवार येतो आणि आकाशात शुक्ल पक्षातली पंचमीच्या आसपासची कोर असते. प्रतिपदा आणि शनिवार दोन्ही एकत्र जुळतात ते त्यानंतर अकरा दिवसांनी, २९ नोव्हेंबरला.

यात कुणाची चूक नाही. त्या काळी इंग्रज अजून जुने ज्युलियन कॅलेंडर वापरत होते. ते सूर्याच्या मागे पडत चालले होते आणि अठराव्या शतकात त्याचे अकरा दिवस तुंबले होते. सप्टेंबर १७५२ मध्ये इंग्लंडने ते अकरा दिवस एका रात्रीत वगळले आणि आजचे ग्रेगरियन कॅलेंडर स्वीकारले. इतिहासकारांनी जयपूरच्या तिथीची इंग्रजी तारीख काढली ती त्या काळच्या इंग्रजी पद्धतीप्रमाणे. ती रूढ झाली, पाठ्यपुस्तकात गेली, आणि आज शहर त्याच तारखेला आनंद करते.

मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटायचे कारण नाही. छत्रपती शिवाजी महाराजांची जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार. तिची १९ फेब्रुवारी १६३० ही सर्वमान्य तारीखही जुन्या ज्युलियन कॅलेंडरचीच आहे. आजच्या कॅलेंडरने तो शुक्रवार १ मार्चला येतो. जयंती तारखेने की तिथीने, हा वाद महाराष्ट्रात पिढ्यान्पिढ्या चालला आहे, पण खुद्द तारखेच्या पोटातही दोन तारखा आहेत हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्याआधी तर सालच वेगळे, १६२७, मानले जाई. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'जेधे शकावली' या जुन्या तारीखवार नोंदींनी १६३० पुढे आणले, आणि त्याला बळकटी मिळाली ती राजस्थानातून. जोधपूरच्या एका ज्योतिषी संग्रहात नामांकित माणसांच्या जन्मपत्रिका उतरवून ठेवलेल्या होत्या, त्यांत शिवाजी महाराजांचीही कुंडली निघाली आणि ती याच दिवसाशी जुळली. मारवाडातल्या कुणा जोशाने दख्खनच्या राजाची पत्रिका जपून ठेवावी, ही त्या काळातल्या कीर्तीची केवढी मोठी पावती!

तारखेचे असे, तर महिन्याचे काय? तिथे आणखी एक गाठ आहे. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, जयपुरात पौर्णिमेला. त्यामुळे शुक्ल पक्षात दोन्हीकडचा महिना एकच असतो, पण कृष्ण पक्ष सुरू झाला की जयपूर एक महिना पुढे जाते. ज्या दिवसाला जयपूरकर पौष कृष्ण प्रतिपदा म्हणतात, तो पुण्याच्या पंचांगात मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा असतो. जयपुरात स्थायिक झालेल्या मराठी घरात या वद्य पक्षात मूल जन्मले, तर आजी म्हणणार मार्गशीर्षातले आणि शेजारचे पंडितजी म्हणणार पौषातले. दोघेही बरोबर. श्रीकृष्णाचेही तेच. आपल्याकडे जन्माष्टमी श्रावण वद्य अष्टमीची आणि जयपूरच्या गोविंददेवजी मंदिरात ती भाद्रपद कृष्ण अष्टमीची. रात्र तीच, चंद्र तोच, मध्यरात्रीचा जल्लोषही तोच.

तिथीचा, मुहूर्ताचा क्षण नेमका कोणता, या प्रश्नाने ज्या राजाला झपाटले तो सवाई जयसिंह. पंचांगातली गणिते आणि आकाशातले प्रत्यक्ष ग्रह यांचा मेळ बसत नाही हे त्याला खटकत होते. मुहूर्त, ग्रहण, सण, पत्रिका, सगळेच त्यावर अवलंबून. त्याच्या भोवती जमलेल्या विद्वानांत मराठी माणसे होती. त्याचे गुरू रत्नाकर पौंडरीक हे महाराष्ट्रीय ब्राह्मण. तिथी, व्रते आणि कालनिर्णय यांवरचा 'जयसिंहकल्पद्रुम' हा ग्रंथ त्यांनी १७१३ मध्ये सिद्ध केला. जयपूरच्या ब्रह्मपुरीत पुंडरिकांची हवेली आजही त्यांचे नाव सांगते. दुसरे जगन्नाथ सम्राट. तेही महाराष्ट्रीय असल्याचे अभ्यासक सांगतात. राजासाठी ते अरबी शिकले, युक्लिडची भूमिती 'रेखागणित' या नावाने आणि टॉलेमीचा खगोलग्रंथ 'सम्राटसिद्धान्त' या नावाने संस्कृतात आणला.

जयपूरची जंतर मंतर वेधशाळा ही या ध्यासाची दगडी खूण. तिथले बृहत् सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे, जगातले सर्वांत मोठे दगडी सूर्यघड्याळ. त्याच्या संगमरवरी कमानीवर सावली उघड्या डोळ्यांना सरकताना दिसते. सेकंदाला जेमतेम मिलिमीटरभर, पण मिनिटाभरात चार बोटे. हात कमानीवर ठेवून उभे राहिले की ऊन बोटावरून उतरताना कळते. वेळ जातो असे आपण नुसते म्हणतो. इथे तो दिसतो.

त्याच आवारात राशिवलय यंत्र आहे. एका ओळीत नाही, एका दिशेला तोंड करून नाही, अशी बारा छोटी यंत्रे, बारा राशींची. प्रत्येकावर आपापल्या राशीचे चित्र. पर्यटकांचा घोळका इथे आला की मार्गदर्शक हमखास जन्ममहिना विचारतो, आणि मग जो तो आपल्या राशीपाशी उभा राहून फोटो काढून घेतो. त्यातले बरेच जण चुकीच्या यंत्रापाशी उभे असतात, हे मात्र सांगायला हवे. वर्तमानपत्री पाश्चात्त्य पद्धतीत सूर्य २१ मार्चच्या सुमारास मेषेत जातो, आपल्या पंचांगात १४ एप्रिलच्या सुमारास. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो, त्यामुळे हे अंतर शतकानुशतके वाढत आज सुमारे २४ अंशांचे झाले आहे. ५ एप्रिलला जन्मलेली व्यक्ती इंग्रजी सदरात मेषेची, पण आपल्या पंचांगात तिचा सूर्य अजून मीनेत. आणि आपल्याकडे 'तुझी रास कोणती' असे विचारतात तेव्हा सूर्याचा संबंधच नसतो. ती चंद्राची रास, आणि चंद्र साधारण सव्वादोन दिवसांत रास बदलतो. नुसत्या जन्ममहिन्यावरून पत्रिकेतली रास सांगता येतच नाही.

उत्तरेत वाढदिवसाला 'सालगिरह' किंवा 'वर्षगाँठ' म्हणतात. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, वर्षाची गाठ. मोगल घराण्यात मूल जन्मले की एक दोरा राखून ठेवत आणि दर वर्षी त्याला एक गाठ मारत. वय म्हणजे दोऱ्यावरच्या गाठी. बादशहाचे वाढदिवस वर्षाला दोन, एक सौर आणि एक चांद्र. त्या दिवशी बादशहाची सोन्यारुप्याने, धान्याने तुला होई. जहांगीराची तुला १६१७ मध्ये मांडूला झाली, तिचे वर्णन इंग्रज वकील सर टॉमस रो याने लिहून ठेवले आहे.

मराठ्यांच्या इतिहासात असाच एक वाढदिवस कायमचा कोरला गेला. १२ मे १६६६. आग्र्याच्या किल्ल्यात औरंगजेबाच्या चांद्र वाढदिवसाचा दरबार भरला होता, आणि त्या दरबारात शिवाजी महाराजांना घेऊन गेला तो आमेरचा कुंवर रामसिंह, मिर्झाराजे जयसिंहाचा मुलगा. महाराजांना मागच्या रांगेत उभे केले गेले आणि त्यांचा संताप भर दरबारात उसळला. तो प्रसंग, पुढची नजरकैद आणि सुटका यांची अगदी जवळून दिलेली हकीकत आज वाचायला मिळते ती आमेर-जयपूर दरबाराच्या नोकरांनी आपल्या मालकांना राजस्थानी बोलीत लिहिलेल्या पत्रांतून. जदुनाथ सरकार आणि रघुवीर सिंह यांनी ती उजेडात आणली. एका बादशहाच्या वाढदिवसाचा वृत्तान्त जयपूरच्या दफ्तरात राहिला म्हणून आपल्या इतिहासातले ते पान इतके जिवंत आहे.

जयपूरच्या राजघराण्यालाही एका जन्माचा आनंद फार काळाने मिळाला. १८८० मध्ये गादीवर आलेले माधोसिंह दत्तक, त्यांच्यानंतरचे मानसिंह दुसरे हेही दत्तक. राज्यावर असलेल्या महाराजांना औरस मुलगा झाला तो २२ ऑक्टोबर १९३१ रोजी. भवानीसिंहांच्या जन्माच्या जल्लोषात इतकी शॅम्पेन उघडली गेली, की फेसावरून बाळाचे लाडके नाव 'बबल्स' पडले आणि ते आयुष्यभर टिकले, असे सांगतात.

आता जौहरी बाजारात यावे. जन्ममहिन्याशी जयपूरचे आजचे खरे नाते इथल्या गल्ल्यांत आहे. गोपालजी का रास्ता, हल्दियों का रास्ता, पुढे रामगंज, घाटगेट. जगातल्या पाचूंपैकी मोठ्या भागाला पैलू पडतात ते याच शहरात. झांबिया, कोलंबिया, ब्राझीलमधून कच्चे खडे इथे येतात. कारागीर काडीच्या टोकाला लाखेने खडा चिकटवतो, फिरत्या चकतीवर क्षणभर टेकवतो, उचलतो, उजेडात धरून पाहतो, पुन्हा टेकवतो. एका पैलूसाठी हे किती वेळा होते याची मोजदाद त्याचे डोळे ठेवतात. थोडे जास्त घासले तर वजन गेले, कमी घासले तर झळाळी गेली. आणि वजन कॅरटमध्ये, म्हणजे एका ग्रॅमच्या पाचव्या हिश्शात मोजायचे.

दुकानात दोन तक्ते हमखास भेटतात. एक नवरत्नांचा. सूर्याचे माणिक, चंद्राचे मोती, मंगळाचे पोवळे, बुधाचा पाचू, गुरूचा पुष्कराज, शुक्राचा हिरा, शनीचा नीलम, राहूचा गोमेद, केतूचा लसण्या. दुसरा तक्ता महिन्यांचा. एप्रिलला हिरा, मेला पाचू, जुलैला माणिक, सप्टेंबरला नीलम. एका तक्त्याला पत्रिका लागते, दुसऱ्याला फक्त जन्मतारीख. मेमध्ये जन्मलेल्या मुलीला दुसरा तक्ता पाचू देतो, आणि तिची पत्रिका पाहणारा जोशी तोच पाचू वर्ज्य सांगू शकतो.

महिन्यांच्या तक्त्याला पुष्कळ जण प्राचीन विद्या समजतात. त्याची मुळे जुनी आहेत हे खरे. बायबलमध्ये ज्यू धर्मगुरूच्या उरपट्टीवरील बारा रत्नांचे वर्णन आहे, आणि पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस याने त्या बारांचा बारा महिन्यांशी संबंध जोडला. पण दुकानात लावलेली यादी ठरली १९१२ मध्ये, अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या संघटनेच्या बैठकीत. व्यापाऱ्यांनी व्यापारासाठी ठरवली, आणि गरजेप्रमाणे बदललीही. १९५२ मध्ये तिच्यात भर पडली. टांझानियात १९६७ मध्ये सापडलेला निळा-जांभळा टांझानाइट २००२ मध्ये डिसेंबरच्या खात्यावर मांडला गेला. ऑगस्टला २०१६ मध्ये स्पिनेल मिळाला. टांझानाइटला पैलू पाडण्याचे काम मोठ्या प्रमाणावर जयपुरातच होते. म्हणजे डिसेंबरात जन्मलेल्यांचे नशीब २००२ मध्ये बदलले की नाही ते माहीत नसले, तरी रामगंजातल्या कारागिराला काम मिळाले हे नक्की. खडा सुंदर म्हणून घ्यावा, हौसेने घ्यावा. पण मोल देण्याआधी तपासून घ्यावा. पाचूतल्या बारीक भेगा तेलाने भरण्याची रीत व्यापारात सर्रास आहे आणि विकणाऱ्याने ती सांगायला हवी. जयपुरात रत्नपरीक्षणाची प्रयोगशाळा १९७२ पासून आहे ती याचसाठी.

जन्मवेळेवरून माणसाचे भविष्य खरेच सांगता येते का, याची पद्धतशीर परीक्षा महाराष्ट्रात झाली आहे. डॉ. जयंत नारळीकर यांनी पुण्यात, सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्या साथीने, दोनशे मुलांच्या अचूक जन्मवेळा मिळवल्या. शंभर हुशार विद्यार्थी, शंभर मतिमंद मुले. पत्रिका करून त्या मिसळल्या आणि सत्तावीस ज्योतिष्यांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून ओळखायचे, ही कोणाची आणि ती कोणाची. त्यांची उत्तरे सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवले असते तर पन्नास टक्क्यांच्या आसपास आली असती. हा निष्कर्ष २००९ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात छापून आला. पत्रिका करणाऱ्यांच्या श्रद्धेबद्दल आदर ठेवूनही, लग्न जुळवताना मुलीला मूळ नक्षत्राची म्हणून नाकारणाऱ्या प्रत्येक घराने हा आकडा एकदा वाचायला हवा.

समजुतीला मात्र ताकद असते. जपानमध्ये साठ वर्षांतून एकदा 'अग्नि-अश्व' वर्ष येते आणि त्या वर्षीची मुलगी नवऱ्याला घातक अशी जुनी समजूत आहे. १९६५ मध्ये तिथे सुमारे १८ लाख २० हजार मुले जन्मली होती, १९६६ या अग्नि-अश्व वर्षी फक्त १३ लाख ६० हजार, आणि पुढच्याच वर्षी आकडा १९ लाखांवर गेला. ग्रहांनी काही केले नाही. माणसांनी मुले होऊच दिली नाहीत. आपल्याकडे २२ जानेवारी २०२४ ला, अयोध्येतल्या राममंदिराच्या प्राणप्रतिष्ठेच्या दिवशी, कानपूर आणि इतर शहरांतल्या गर्भवतींनी त्याच दिवशी प्रसूती व्हावी म्हणून डॉक्टरांना गळ घातली होती.

मुहूर्त सोडला, तर मुले नैसर्गिकरीत्या कोणत्या महिन्यात जास्त जन्मतात? उत्तर भारतात ऑगस्ट ते ऑक्टोबर. कडक उन्हाळ्यात गर्भधारणा कमी होतात, थंडीत वाढतात, आणि नऊ महिने मोजले की पावसाळ्याच्या शेवटाशी येऊन पोहोचतो. अमेरिकेतही ऑगस्ट-सप्टेंबरच पुढे असतात.

पण आपल्या सरकारी कागदांना हे मान्य नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी आजी-आजोबांचा जन्म १ जूनचा. उत्तरेत शाळा जुलैत उघडत, म्हणून तिकडे १ जुलै. गावोगावच्या शाळेत घडायचे ते असे. बाप पोराला घेऊन येई. गुरुजी पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगत. हात कानाला लागला की सहा वर्षे पुरी. जन्म कधीचा विचारले तर बाप सांगे, दुष्काळाच्या साली, पोळ्याच्या आधी. गुरुजी साल अंदाजाने धरत, महिना शाळेच्या सोयीचा लिहीत आणि रजिस्टर मिटत. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, पण खेड्यातल्या घरातल्या बाळंतपणाची नोंद व्हायला त्यानंतरही खूप वर्षे लागली. त्या गुरुजींच्या लेखणीचा परिणाम अजून दिसतो. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला नोकरदार आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, त्यामुळे महाराष्ट्रात ३१ मेला सरकारी कचेऱ्यांत एकाच दिवशी निरोपसमारंभांची रीघ लागते.

हा गोंधळ आता संपत आला आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुधारित कायदा लागू झाला आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा ठरला. पुढच्या पिढीच्या कुणाला कान धरून वय सिद्ध करावे लागणार नाही.

पण १ जूनवाली पिढी अजून आपल्या घरात आहे. तुमच्या घरी असे कोणी असेल, तर येत्या १ जूनला केक कापण्याआधी त्यांच्याजवळ बसा. तुमच्या आईने काय सांगितले होते, विचारा. शेतात काय उभे होते, कोणता सण तोंडावर होता, चांदणे होते की अंधार, घरात आणखी कोण त्याच वर्षी जन्मले किंवा गेले. तिथी आणि साल हाती लागले, तर जुन्या पंचांगातून तारीख काढता येते. ती एका वहीत लिहून ठेवा, आणि त्या दिवशी पाटावर बसवून, निरांजन लावून त्यांना ओवाळा. सत्तर-ऐंशी वर्षांत ते कुणीच केलेले नसेल.